शालनच्या खिडकीतला कोनफळी पडदा

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला पडद्याचं कापड कापून देत होते. धाटावच्या कंपनीतल्या कुणा साहेबांची बायको होती. तिला बदामी हवा होता, आणि बदामीतही जरा कमी पिवळा हवा होता. पलीकडून निलेशचा, माझ्या भाच्याचा, आवाज आला, "मावशी, आई गेली..." आणि माझी कात्री कापडात अर्धी जाऊन थांबली. शालन माझी धाकटी बहीण. तिचं दुखणं बरेच महिने चाललेलं होतं, तेव्हा बातमी अगदीच अचानक होती असं नाही. पण माझ्या मनात पहिला विचार काय आला तो सांगते. मी मोठी, नंबर माझा होता, आणि इथेही ही बया पुढे घुसली. रडू त्यानंतर आलं. बाईंना कापड नीट सरळ कापून, घडी घालून दिलं आणि मग शटर ओढलं.

घरी येऊन कपाट उघडलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले ती उभीच. आमचे हे बाहेरून हाका मारत होते, पेणची गाडी चुकेल म्हणून. आणि मी कुठली साडी नेसू याचा विचार करत होते. मयताला जाताना कुणी असला विचार करत नाही, मलाही कळत होतं. पण पेणला जायचं म्हणजे शालनच्या नजरेसमोर जायचं, ही इतक्या वर्षांची सवय. ती एकदा वरपासून खालपर्यंत बघायची, काही बोलायची नाही, आणि मला कळायचं की माझ्या अंगावरचं गेल्या सालचं आहे. त्या दिवशी मी एक जुनी राखाडी साडी नेसले. तिथे पोचले तर जमलेल्या निम्म्या बायका शेवाळी रंगात. शालननं दोन वर्षांपूर्वी शेवाळी मागवला तेव्हा याच बायका म्हणाल्या होत्या, हा काय रंग आहे, ओट्यावरच्या ओल्या कोपऱ्यासारखा.

पेणच्या बायकांना शालन कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत तिचं दुकान. खाली पडदे, चादरी, ब्लाउजपीस, ड्रेसचं कापड आणि वर माडीवर घर. दिसायला दुकान चार दुकानांसारखंच. पण पुढच्या वर्षी लोक अंगावर काय घालतील, खिडकीला काय लावतील, भिंतीला कुठला रंग देतील, हे तिला आधी कळायचं. कसं कळायचं ते कुणाला माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच, आणि माझंही रोह्याला अगदी तसंच दुकान. तोच धंदा, तेच घाऊक व्यापारी, तीच आई आणि तोच बाप. डोळा मात्र तिला मिळाला. देवानं वाटणी करताना मी कुठे गेले होते कोण जाणे.

आमचं गाव धरमतरच्या अलीकडे, खाडीला लागून. बाबा मिठागरावर. पोरींना नटायला मिळायचं ते जत्रेपुरतं. एका जत्रेत मी कासाराकडे हात पुढे करून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, सगळ्याच पोरी हिरव्या भरत होत्या. शालननं टोपलीच्या तळाशी हात घालून चॉकलेटी बांगड्या काढल्या. कासार स्वतः म्हणाला, "पोरी, त्या कुणी घेत नाय म्हणून खाली पडल्यात." आईनं कपाळावर हात मारला, "ही काय मातीची काकणं गो? लोक काय म्हणतील?" शालन म्हणाली, "नाय म्हणणार काय. पुढल्या जत्रेला बघ." पुढच्या जत्रेत कासारानं टोपलीभर चॉकलेटीच आणल्या होत्या आणि पोरींची झुंबड उडाली होती. मीही त्यात घुसून कोपरापर्यंत चॉकलेटी भरून घेतल्या, ऐटीत घरी आले, तर शालनच्या हातात हिरव्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं बांगडी भरताना हात दुखावला.

पुढे माझं लग्न रोह्याला झालं, तिचं पेणला. तेव्हा मात्र मला वाटलं, आता माझे दिवस आले. आमचे हे धाटावला कंपनीत, शिफ्टची नोकरी. कंपन्या नव्यानं उभ्या राहिलेल्या, त्यामुळे कुठकुठली माणसं राहायला आलेली. गुजरातची, मद्रासकडची, नागपूरची. त्या बायकांचे ब्लाउजचे गळे, त्यांच्या क्वार्टरच्या खिडक्या, सगळं माझ्यासमोर. मी शिवणाचा वर्ग केला, घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं, हळूहळू तागे भरले. शालनच्या वाट्याला सासऱ्यांचं जुनं दुकान आलं होतं, तिथे मांजरपाट, धोतरजोड्या आणि पंचे विकले जायचे. नवीन काही बघायचं तर तिनं बघायचं कुठे? समोर गणपतीचा कारखाना, शेजारी गणपतीचा कारखाना. मी मनातल्या मनात तिची कीव करायचे. कीव करायला फार बरं वाटतं, तेवढी दोन वर्षं माझी सुखाची गेली.

मग तिनं दुकानाच्या दारात गाऊन लटकवले. तेव्हा आपल्याकडे घरातली बाई उठल्यापासून झोपेपर्यंत साडीत असायची. माझ्या सासूबाई पेणहून एका लग्नाला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुझी बहीण बायकांना झबली घालायला लावणार वाटतं." मी त्यांच्याबरोबर पोट धरून हसले. पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खांद्यावर टॉवेल टाकून गाऊनमध्येच बाया भाजीच्या गाडीवर यायला लागल्या, सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी गाऊनमध्येच असायच्या, आणि तो त्यांना मी शालनकडून आणून दिला होता. मी माझ्या दुकानात गाऊनची थप्पी लावली तेव्हा शालननं गाऊन मागच्या कपाटात नेले होते आणि दारात पंजाबी ड्रेस लावले होते. तेही पोरींसाठी नाही, चाळिशीतल्या बायकांसाठी. "त्यांना हवाय गो, सांगायची लाज वाटते," ती म्हणाली होती.

असं प्रत्येक वेळी. दारात मण्यांचे पडदे लावायची टूम आली तेव्हा तिचे संपल्यावर मी मागवले. वारा आला की माझ्या दुकानात दिवसभर खुळखुळ व्हायची आणि घ्यायला कुणी नाही. आजही ते माळ्यावर आहेत. टीव्हीला झालरीचं कव्हर, फ्रिजच्या दांडीला कव्हर, रिंगांचे पडदे, एकाच भिंतीला गडद रंग आणि त्याला शोभेलशा चादरी... प्रत्येक गोष्टीत ती पुढच्या बाकावर आणि मी मागच्या. एकदा मी हट्टानं एकटी मुंबईला घाऊक बाजारात गेले. व्यापाऱ्याला म्हटलं, कुणाकडे नसेल असं अगदी नवीन काढा. त्यानं मोठ्या उत्साहानं चार तागे टाकले आणि म्हणाला, "हे बघा, पेणच्या बाई कालच घेऊन गेल्या. त्यांनी घेतलं की चालतंच." मी चहा न पिता उठले. त्याला वाटलं, भाव पटला नाही.

आता तिच्या त्या फोनबद्दल सांगायला हवं. घरात फोन आले तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. तब्येत, पोरं, पाऊस, मग आवाज जरा हलका करून ती विचारायची, "काय मागवलंस गो ताई?" मी सांगायचे. काय रंग, किती तागे, कुणाकडून. ती "व्हय?" म्हणायची, "बरं हाय" म्हणायची, फोन ठेवायची. मला वाटायचं, निदान एवढं तरी आहे. पुढे गेलेल्या बहिणीला मागे राहिलेल्या बहिणीची चौकशी करावीशी वाटते. कधी वाटायचं, कदाचित मनातून तिलाही माझी थोडी धास्ती असेल. तो विचार मी पुढच्या शनिवारपर्यंत पुरवून पुरवून वापरायचे.

तिचं गुपित तिनं मला सांगितलं ते मी रडल्यामुळे. एका मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेले होते, तिच्या सुनेच्या, म्हणजे मनालीच्या, डोहाळजेवणासाठी. आलेल्या सगळ्या बाया शालनभोवती, हे कुठलं, ते कुठलं. मला एकीनं विचारलं, तुम्हीही कापडाचंच करता का? मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होते तर शालन आली, माझा हात धरला आणि गल्ली ओलांडून समोरच्या कारखान्यात घेऊन गेली. आत ओळीनं गणपती, काही नुसते पांढरे, काहींना नुकता रंग चढलेला. रंगवणारे दादा मान न उचलता कामात. शालन म्हणाली, "बघ."

"काय बघू?"

"पितांबर बघ, शेला बघ. माणसं पाट द्यायला येतात तेव्हा रंग सांगून जातात. स्वतःच्या अंगावर नवीन रंग घालायचा धीर होत नाय गो ताई. मग आधी देवाला घालून बघतात. देवाला शोभला की दिवाळीत बाईच्या अंगावर येतो."

ती पुढे म्हणाली, "आणि गणपतीत मी घरोघर दर्शनाला जाते ना, मखराच्या मागं काय कापड लावलंय ते बघायला जाते. आधी मखराला, मग खिडकीला." गल्लीतल्या बायका तिला फार भाविक समजायच्या. दीड दिवसाच्यांपासून अनंत चतुर्दशीपर्यंत ही बाई एक घर सोडत नाही म्हणून तिचं कौतुक करायच्या. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता, बहिणीनं विश्वासानं सांगितलं म्हणून. पण मला वाटलं, एवढं साधं? हे तर मलाही सुचलं असतं. आमचा गणपतीही पेणचाच, मी दरवर्षी तिथे जाते, तिथेच उभी राहते... आणि माझ्या डोक्यात प्रसादाला किती नारळ लागतील हे चाललेलं असतं.

त्याच्या पुढच्याच वर्षी मी ठरवलं की या वेळी तिच्या आधी. तिला न कळवता पेणला आले, तिची गल्ली टाळून दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या कारखान्यात गेले. तिथे रांगाच्या रांगा फिरोजी पितांबरांच्या. डोळे दिपले माझे. तिथूनच व्यापाऱ्याला फोन केला आणि पडद्यांपासून ब्लाउजपीसपर्यंत सगळं फिरोजी मागवलं. त्या शनिवारी शालननं विचारलं तेव्हा पहिल्यांदाच मी ठसक्यात सांगितलं, "फिरोजी. सगळं फिरोजी." "सगळं?" तिनं विचारलं. मला वाटलं, बसला चटका. दिवाळी आली, गेली, तुळशीचं लग्न झालं, आणि माझं दुकान फिरोजीच्या फिरोजी. रोह्यात कुणी त्या रंगाकडे ढुंकून बघितलं नाही. त्या वर्षी चालला तो डाळिंबी, आणि तो शालनकडे होता. शेवटी पेणला गेले तेव्हा मीच तिला विचारलं, कारखान्यात तर मी डोळ्यांनी बघून आले होते, मग झालं काय?

"ते पाटावर होते का फळीवर?" तिनं विचारलं.

मला तेव्हाच कळलं. शालन हसत सुटली, पदर तोंडाला लावून. "ताई गो, तू ट्रकातले गणपती बघून आलीस. फळीवरचे सगळे बाहेरगावी जातात, व्यापारी सांगेल तो रंग त्यांना. आपल्या माणसांचे बघायचे तर पाटावरचे बघायचे." आता आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याच्या घरचा गणपती, तो आपल्या घरचा पाट कारखान्यात नेऊन देतो, त्याच पाटावर मूर्ती बसते, पाठीमागे घराण्याचं नाव असतं. आमचे बाबा पाट डोक्यावर घेऊन खाडीकाठानं चालत पेणला जायचे आणि आम्ही दोघी मागे. आणि त्यांची मोठी लेक फळीवरचे गणपती बघून दुकान भरून आली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी जन्मभर हसले असते. शालनही हसली, पण कुणाला सांगितलं मात्र नाही. तेही मला खुपलं. तिनं सांगितलं असतं तर मला तिच्याशी भांडता आलं असतं.

एक गोष्ट मात्र मी तिच्याबद्दल मनात धरून होते. माझ्या दुकानातलं तिनं कधी काही वापरलं नाही. दर दिवाळीला मी तिला साडी द्यायचे, निवडून, चार गिऱ्हाइकांना नाही म्हणून बाजूला काढलेली. ती हात फिरवायची, "छान हाय गो," म्हणायची आणि कपाटात ठेवायची. नंतर ती साडी कुठेच दिसायची नाही. नातेवाइकांच्या लग्नाचे अल्बम आले की लोक नवरानवरी बघतात, मी शालन बघायचे. एका तरी फोटोत माझी साडी असेल म्हणून. मला आयुष्यात तिच्या पुढे जायचं होतं असं आता म्हणणं तितकंसं खरं नाही. मला एवढंच हवं होतं की शालननं एकदा, फक्त एकदा, माझ्याकडचं काहीतरी बघून म्हणावं, हे मला दे.

आणि ती म्हणाली. गेल्या फाल्गुनात. तोवर ती माडीवरच्या पुढच्या खोलीत खिळल्यासारखी झाली होती. पलंग खिडकीशी, खिडकी गल्लीवर, समोर कारखाना. तिथूनही तिची पाहणी चालूच होती, येणाऱ्या जाणाऱ्या बायकांचे दुपट्टे मोजणं चालू होतं. मी तिच्या पायांना तेल लावत होते. माझ्या दुकानात तेव्हा कोनफळी पडद्यांचा डोंगर पडून होता. कोनफळ चिरल्यावर दिसतो तसा गर्द जांभळा रंग आणि खाली बारीक जरीची पट्टी. मला स्वतःला फार आवडला म्हणून मी दिवाळीला भरपूर मागवला होता आणि रोह्याच्या बायका म्हणत होत्या, घर काळोखं दिसेल. हे सगळं मी शनिवारच्या फोनवर शालनला सांगितलं होतं. ती डोळे मिटून पडली होती. एकदम म्हणाली, "ताई, तुझ्याकडचा तो कोनफळी आण गो. या खिडकीला लाव."

"तुला हवाय?" मी विचारलं. माझा आवाज कसा झाला असेल ते मला माहीत नाही.

"व्हय. सकाळचं ऊन डोळ्यावर येतं."

दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं मी पडदा घेऊन हजर. रॉडसुद्धा नवा आणला. स्टुलावर चढून मीच लावला, कुणाला हात लावू दिला नाही. सकाळचं ऊन त्यातून आत आलं आणि भिंत, चादर, शालनचा चेहरा, सगळं जरासं जांभळं झालं. ती बराच वेळ बघत राहिली. "शोभतो," म्हणाली. रोह्याला परत येताना मला नागोठणं कधी गेलं ते कळलं नाही. बहीण तिकडे आजारी आणि मी गाडीत खिडकीशी बसून गालातल्या गालात हसत होते. आमची ती शेवटची नीट भेट. नंतर गेले तेव्हा ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

तेराव्यानंतर मनालीनं मला बोलावून घेतलं, आईंच्या साड्या वाटायच्या आहेत, तुम्ही या म्हणून. कपाट उघडलं आणि मी वरच्या कप्प्याकडे बघितलंही नाही, सरळ खाली वाकले. होत्या. माझ्या सगळ्या साड्या खालच्या कप्प्यात एकावर एक होत्या. एकीचीही घडी मोडलेली नव्हती, दोन-तीन साड्यांवर तर माझ्या दुकानाची चिठ्ठी तशीच. मी त्या थप्पीशेजारी जमिनीवर बसले. मनाली बिचारी आपल्या विचारात होती. गुणी मुलगी आहे, आता दुकान तीच बघते. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही यंदा काय मागवलंय? आई नाहीत, आता दर शनिवारी मीच तुम्हाला फोन करत जाईन. नाय तर आम्हाला कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

"कधी थांबायचं ते. सुरू काय करायचं ते आई समोर कारखान्यात बघायच्या. पण थांबायचं कधी, ते..." तिला वाटलं असावं की मला हे माहीत आहे. "आई म्हणायच्या, ताईकडे आलं की आपण मागवणं बंद करायचं. कधी चुकायचं नाय बघा त्यांचं."

इतक्या वर्षांचे शनिवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. व्हय? बरं हाय. सुरुवात तिला देवाकडून कळायची आणि शेवट माझ्याकडून. मी उठले आणि पुढच्या खोलीत गेले. गादी काढून टाकलेली होती, पलंगाच्या नुसत्या फळ्या होत्या, आणि खिडकीला माझा पडदा. मला फाल्गुनातली ती सकाळ आठवली. माझ्याकडे जे येतं ते संपलेलं असतं हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तिनं तोच पडदा मागून घेतला. डॉक्टर तेव्हा सुधारणा आहे म्हणत होते, निलेश पुढच्या तपासणीच्या तारखा घेत होता. आपलं संपत आलंय हे तिला आधी कळलं होतं, नेहमीसारखं. पण त्यासाठी माझा पडदा कशाला? मला असा संताप आला की मी स्टूल ओढलं आणि रॉडला हात घातला.

"मावशी, नका काढू," मनाली धावत आली. "आईंनी सांगून ठेवलंय. अंथरूण, पांघरूण सगळं टाकून द्या म्हणाल्या, पण पडदा राहू दे. माणसं भेटायला येतील ती याच खोलीत येतील, बाया खिडकीकडे बघतीलच. कुणी विचारलं तर सांग म्हणाल्या, रोह्याला ताईकडे मिळतो."

"आणि विचारलं कुणी?"

"कितीतरी जणींनी," मनाली म्हणाली.

मी स्टुलावर तशीच उभी. मग आठवलं, गेल्या पंधरवड्यात पेणहून तीन-चार बायका माझ्या दुकानात आल्या होत्या, कोनफळी आहे का विचारत. मला वाटलं, चुकून वाट वाकडी करून आल्या असतील. मेलेल्या बाईच्या खोलीतला पडदा बघून कुणी तसाच आपल्या घरी लावेल, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. ते शालनच्याच डोक्यात येऊ शकतं. तिला ऊन लागत होतं, का ती आपला शेवट मला सांगत होती, का माझा पडून राहिलेला माल तिला खपवायचा होता... विचारायची सोय नाही. मला तिच्याबद्दल खूप प्रेम वाटलं आणि तेवढाच रागही आला. आयुष्यात एकदा माझी निवड चालली, तर तीही हिच्या खिडकीतून चालावी. राग जास्त आला, खरं सांगायचं तर.

साड्या तशाच ठेवून मी खाली उतरले. समोरच्या कारखान्यात आता पाट यायला लागले होते, भिंतीशी रचून ठेवलेले, जुने, नवे, कुणाचे तेलकट, कुणाचे घासून पांढरे झालेले. रंगवणारे दादा एका वाटीत काहीतरी कालवत बसले होते. मला बघून म्हणाले, "या ताई. बसा." वाटीत निळा होता, त्यात ते थोडा थोडा लाल टाकत होते, काडीनं भिंतीवर ओढून बघत होते, मान हलवत होते. मी विचारलं, हे काय चाललंय.

"यंदा बाया शेल्याला हा कोनफळी सांगतायत. कधी केला नाय, जमता जमत नाय."

"फळीवरच्यांना?" मी विचारलं.

"नाय हो. पाटावरच्यांना."

मी भिंतीवरचे ते रंगाचे फराटे बघत उभी राहिले. दादा पुन्हा काडी ओढत आपल्याशीच म्हणाले, "कुणी काढला हा रंग, काय माहीत." मी म्हणणार होते. अगदी तोंडापर्यंत आलं होतं, मी काढला दादा, सगळे नको म्हणत होते तेव्हा मी मागवला. तेवढ्यात त्यांनीच काडी कपाळाला लावली आणि हसले.

"हां, व्हय. वर शालनवैनीच्या खिडकीत हाय ना तो."

मी "व्हय" म्हटलं आणि बाहेर आले. गाडीला अजून वेळ होता. गल्लीत उभं राहून वर बघितलं. खिडकी उघडी होती, वाऱ्यानं पडदा थोडा बाहेर आला होता आणि उन्हात त्याची जरीची पट्टी चमकत होती. खालून जाणाऱ्या दोघी बाया थांबल्या, त्यांनीही वर बघितलं. एक दुसरीला म्हणाली, शालनवैनीचा पडदा. मी त्यांच्या मागून चालत स्टँडपर्यंत गेले आणि सगळ्या वाटेत मनातल्या मनात त्यांना सांगत राहिले की तो माझा आहे.